चतुःसीमा

आमच्या इमारतीला तळमजल्यावर आणखी तीन मजले आहेत आणि जिना एकच आहे. आणि जिथे चढण्याला पर्याय नसतो तिथे माणसाचे वय त्याच्या जन्मपत्रिकेपेक्षा त्याच्या मजल्यावरून अधिक अचूक कळते, ही गोष्ट तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या ध्यानात येण्यास फार वर्षे जावी लागली. इमारत पुण्याच्या नारायण पेठेतली, १९७१ साली उभी राहिलेली, सोळा बिऱ्हाडांची. ज्यांनी ती बांधून घेतली ते सगळे त्या वेळी तिशीच्या आतबाहेर होते. वर उजेड अधिक, वारा अधिक, डास कमी आणि गच्ची हाताशी, म्हणून तिसऱ्या मजल्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, आणि ज्यांच्या वाट्यास ओलसर, अंधारा तळमजला आला त्यांत माझे वडील होते, ज्यांची त्या काळी सर्वांनी कीव केली. ती कीव गेल्या पन्नास वर्षांत एकेक पायरी चढत आता तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसली आहे.

तिथे नाना राहतात. नाना म्हणजे निवृत्त दुय्यम निबंधक. खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे, कुलमुखत्यारपत्रे अशा दस्तांवर सहीशिक्का करण्यात ज्यांची हयात गेली, ज्यांच्यासमोर हजारो माणसांनी आपली घरे दिली आणि दुसऱ्यांची घेतली, ते नाना स्वतः मात्र १९७४ सालापासून एकाच दाराच्या आत आहेत. वय ७९. अकरा वर्षांपासून कंपवात. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ साली एका छोटेखानी निबंधात ज्याचे वर्णन केले आणि पुढे ज्याला त्याचेच नाव चिकटले, तो आजार. वहिनींना मधुमेह, शिवाय दोन्ही गुडघे झिजलेले. हे काही जगावेगळे दांपत्य नव्हे. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभरातल्या ७२,००० हून अधिक प्रौढांची आणि वृद्धांची जी पाहणी केली, तीत साठी ओलांडलेल्या माणसांपैकी बहुसंख्यांना कोणता ना कोणता जुनाट आजार असल्याचे आढळले; म्हणजे निरोगी वार्धक्य हाच अपवाद, आणि नाना-वहिनी हा नियम.

गेल्या श्रावणात नानांच्या छातीत कफ भरला. रुग्णवाहिका आली, पण तिच्यातले स्ट्रेचर जिन्याच्या टप्प्यावर वळेना. तेव्हा देवघरासमोरची वेताची खुर्ची काढून, नानांना तिच्यात उपरण्याने बांधून, आम्ही चौघांनी त्यांना ५७ पायऱ्या खाली आणले. त्या धापेतही नाना म्हणाले, “चौघांनी उचलण्याचा सराव झाला, हे बरे झाले.” कुणालाच हसता आले नाही. पंधरा दिवसांनी त्याच खुर्चीतून त्यांना वर नेले, आणि त्यानंतर आठवड्याने वारज्याहून माई आल्या.

माई ही वहिनींची धाकटी बहीण. वय ७२. मुंबईच्या एका इस्पितळात फिजिओथेरपीच्या विभागात तीस वर्षे काढलेल्या. गिरगावच्या चाळीतले बिऱ्हाड चौसष्टाव्या वर्षी आपण होऊन मोडून, लिफ्ट असलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला गेलेल्या. आणि आमवाताने बोटे वाकली असूनही स्वतःची वेणी स्वतः घालणाऱ्या. त्या रविवारी दुपारी मला वर बोलावणे आले, ते चहासाठी असे मी समजलो. वस्तुतः मला पंच म्हणून बोलावले होते; आणि पुढे मी पंच राहिलो नाही, ते मागाहून सांगतो.

“नाना,” माईंनी सुरुवात केली, “घर विका असे सांगायला मी आलेले नाही. मला एवढेच विचारायचे आहे की पुढच्या खेपेस खुर्ची उचलायला चौघे जमले नाहीत तर काय करायचे? एक हे खालचे,” माझ्याकडे बोट झाले, “हे सासष्ट वर्षांचे. बाकीचे तिघे कोण होते? एक पेपर टाकणारा, एक रुग्णवाहिकेचा चालक, आणि एक पहिल्या मजल्यावरचा विद्यार्थी, जो परीक्षा झाली की लातूरला परत जाणार.”

“माई, चौघे मिळाले नाहीत अशी वेळ पुण्यात अजून कुणावर आलेली नाही.” नानांचा आवाज अलीकडे बारीक झाला आहे आणि शब्द एकमेकांच्या पाठीस लागून बाहेर पडतात, पण वाक्याची घडण अजून कचेरीतलीच आहे. “तू घर म्हणतेस ते चार भिंतींना. मी बत्तीस वर्षे दस्त वाचले. कोणताही दस्त काढ. मिळकतीचे वर्णन येते तिथे आत खिडक्या किती आणि भिंतींना रंग कोणता याला महत्त्व नसते. पूर्वेस अमक्याची भिंत, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस गल्ली, उत्तरेस तमक्याचे आवार, एवढे लिहिले की ‘येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत’ निश्चित होते. घर आतून ओळखले जात नाही, बाहेरून ओळखले जाते. माझी चतुःसीमा म्हणशील तर एका अंगास मोदी गणपती, दुसऱ्या अंगास केसरीवाडा, खाली लक्ष्मी रस्ता आणि वर मुठेचा काठ. जुन्नर, बारामती, सासवड, किती बदल्या झाल्या. मी तिथे खोली घेऊन राहिलो, एस.टी.चे हेलपाटे घातले, पण बिऱ्हाड हलवले नाही. तू मला लिफ्ट देशील. ही चतुःसीमा कुठून देणार?”

“चतुःसीमा मान्य,” माई म्हणाल्या. “आता ती वही काढा.”

ती वही इमारतीत सर्वांना ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर नानांनी स्वतःसाठी एक आवक-जावक नोंदवही घातली: घराबाहेर पडले की जावक, परत आले की आवक, आणि समोरच्या रकान्यात कारण. ही सवय आम्ही आजवर थट्टेवारीच नेली होती. माईंनी चष्मा लावला आणि एखाद्या उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाप्रमाणे त्या मोठ्याने वाचू लागल्या. “२०१३. नदीकाठ, मोदी गणपती, मंडई, वाचनालय, पुन्हा नदीकाठ. एका पानात जेमतेम आठ दिवस मावले आहेत. २०१९. नदीकाठ नाही, मंडई नाही. गणपती चतुर्थीपुरता, वाचनालय आठवड्यातून एकदा. २०२२. वाचनालयही नाही. आणि हे २०२४, साऱ्या वर्षाला अर्धे पान. जावका नऊ. पाच वेळा डॉक्टर, दोन वेळा मतदान, एकदा बँकेत हयातीचा दाखला, एकदा कुणाची तरी अंत्ययात्रा.”

“घरून मतदानाची सोय वयाच्या पंच्याऐंशीनंतर आहे,” नाना म्हणाले. “त्या मानाने मी अजून लहान आहे.”

“तुमच्या आजाराची गणना दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये केलेली आहे. दाखला काढला असता तर चाळीस टक्क्यांवर तीच सोय आजही मिळाली असती. पण तो दाखला तुम्हांला नको.”

“नको.”

“ठीक आहे. पण ही वही तुमच्याच हातची आहे, ती तरी नाकारू नका. तुम्ही म्हणता, मी बिऱ्हाड हलवले नाही. मला ह्या पानांत चार स्थलांतरे दिसतात. नदीकाठावरून तुम्ही पेठेत आलात, पेठेतून गल्लीत, गल्लीतून गॅलरीत, आणि आता गॅलरीतून ह्या खुर्चीत. सामान बांधले नाही आणि टेम्पो बोलावला नाही, एवढाच फरक. ज्या चतुःसीमेसाठी तुम्ही इथे राहता, तिच्या कोणत्या सीमेवर गेल्या वर्षभरात तुमचे पाऊल पडले ते मला दाखवा.”

नानांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी न थांबता नोटा मोजल्यासारखी हलत असतात; तेवढीच हालचाल त्या खोलीत काही वेळ चालू राहिली. मग ते म्हणाले, “मी जात नसेन, पण लोक येतात.”

“कोण येतात?”

नाना सांगू लागले आणि सांगता सांगता थांबले. शाळेपासूनचे तिघे स्नेही गुरुवारी पत्ते खेळायला येत असत, हे मलाही आठवते. त्यांतल्या एकाचे खुब्याचे हाड मोडले, एकाला दम लागतो, आणि एकाच्या अंत्ययात्रेची नोंद माईंनी आत्ताच वाचली होती. जो जिना नानांना उतरू देत नाही तोच त्यांच्या वयाच्या माणसांना चढू देत नाही, हे उघड होते. आणि उघड असल्यामुळेच माई ते बोलल्या नाहीत.

पण नाना हार जाणारे नव्हेत. “तुझ्या शास्त्रातली एक गोष्ट तू मुद्दाम बोलत नाहीस,” ते म्हणाले. “सपाट फरशीवर माझे पाय चिकटतात. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी मी दोन-दोन मिनिटे खिळून उभा राहतो. मन पुढे गेलेले असते आणि पाय मागे राहिलेले असतात. पण जिना आला की पाय आपोआप उचलतात. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी. तू ज्याला माझा वैरी ठरवतेस त्याच्यावरच मी पूर्वीसारखा चालतो. आणि तुझ्या त्या इमारतीत काय असणार? लांबलचक गुळगुळीत वाटा, आणि लिफ्टचे दार, जे माझी वाट न पाहता मिटते.”

“हे अगदी खरे आहे,” माई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात प्रथमच धंद्यातल्या माणसाचे कौतुक उमटले. “चालण्याची जी आज्ञा आतून निघत नाही, ती डोळ्यांपुढे आडवी रेघ आली की बाहेरून मिळते, पायरीची कड ही तशीच रेघ. म्हणून तर ह्या उंबरठ्यापाशी फरशीवर मी पांढऱ्या चिकटपट्टीचे पट्टे मारून दिले. पण ती पट्टी कुठल्याही घरात मारता येते, नाना. तिची गुंडाळी पिशवीत मावते. चढणे तुम्हांला जमते. उतरणे आणि वळणे जमत नाही, तोल जातो; आणि जे जमते तेही गोळी अंगी लागल्यावरच्या तास-दोन तासांत. एकदा गोळीचा अंमल उतरला की तुम्ही वर असाल तर वर आणि खाली असाल तर खाली. मग हा जिना तुमच्या ताब्यात आहे असे कसे म्हणायचे?”

नाना उत्तर देणार, इतक्यात खालून आवाज आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या टप्प्यावर नानांनीच काही वर्षांपूर्वी एक लोखंडी स्टूल ठेवले आहे. ते फरशीवर घासल्याचा तो आवाज होता. वहिनी दूध आणायला खाली गेल्या होत्या. माईंनी ओठांवर बोट ठेवले. आम्ही तिघेही ऐकत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग स्टूल पुन्हा घासले, आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढणारी चाहूल वर येऊ लागली.

“जिन्यावर गुडघ्याला शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार सोसावा लागतो, आणि उतरताना चढण्यापेक्षाही जास्त,” माई हलक्या आवाजात म्हणाल्या. “ताई दिवसातून दोनदा उतरते. तुमच्या इथल्या मुक्कामाचे भाडे कोण भरते, ते ऐकलेत ना?”

वहिनी आत आल्या, दुधाची पिशवी टेबलावर ठेवली, आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “आज स्टुलावर मांजर बसले होते. उठायलाच तयार नाही.” एवढे बोलून त्या चहा टाकायला गेल्या.

ह्यानंतर नाना जे बोलले ते वादासाठी नव्हते. “१२ जुलै १९६१,” ते म्हणाले. “पानशेत फुटले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. आमचा वाडा नदीच्या अंगाला. सकाळी बातमी, दुपारी पाणी, संध्याकाळी भिंती. माझी आजी दोन्ही डोळ्यांनी अधू होती, पण त्या वाड्यात तिला डोळे लागत नसत. विहिरीपर्यंत किती पावले, तुळशीपाशी कुठे वळायचे, कोनाड्यात कोणता डबा, सगळे तिच्या हातापायांना पाठ होते. नंतर आम्ही वर्षभर नातलगांच्या माडीवर राहिलो आणि पुढे गोखलेनगरात घर मिळाले. चांगले घर होते, कोरडे होते. पण आजी जी एका जागी बसली ती बसलीच, कारण उठून जायचे कुठे हे तिला ठाऊक नव्हते. वर्षाच्या आत गेली. तिला रोग असा कोणताच नव्हता. मी तेव्हापासून जाणतो की म्हातारा माणूस डोळ्यांनी राहत नाही, सवयीने राहतो. आणि घर मोडले की त्याची सवय मोडते, जी नव्याने बांधून देणारा कंत्राटदार अजून जन्माला आलेला नाही.”

थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “आणि कचेरीत काय पाहिले ते सांगू? म्हातारी माणसे बक्षीसपत्र करून घर मुलाच्या नावे लावीत, आणि दोन वर्षांनी त्याच बाकावर येऊन विचारीत, ‘साहेब, हे रद्द होते का?’ मी ‘नाही’ म्हणत असे, कारण तेव्हा तेच खरे होते. मी २००४ साली निवृत्त झालो. आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली आला, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणाकडून परत मिळवण्याची वाट तेव्हा कुठे उघडली. त्यापूर्वी ज्यांना मी ‘नाही’ म्हटले, त्यांचे चेहरे मला दिसतात. घरातून उठलेला म्हातारा म्हणजे काय हे मी तुझ्याहून जास्त पाहिले आहे, माई.”

माईंनी ह्यावर घाई केली नाही. चहा आला. नानांच्या कपात अर्धाच चहा ओतलेला असतो, म्हणजे हात थरथरला तरी बशीत सांडत नाही.

“तुमच्या आजीला पाण्याने उठवले,” त्या म्हणाल्या. “तिला कुणी विचारले नाही, आणि नवे घर पाठ करायला लागणारे वय तिचे उरलेले नव्हते. मी चाळ सोडली तेव्हा मला कुणी काढत नव्हते. उलट सगळे म्हणत होते, इतक्यात कशाला? नव्या घरात पहिले सहा महिने मी रात्री उठले की डाव्या हाताला वळत असे, कारण चाळीत मोरी डावीकडे होती. आणि रोज भिंतीवर आपटत असे. मग एका रात्री नाही आपटले. पाय शिकले. आज, ह्या वाकलेल्या बोटांनिशी आणि घोट्यांनिशी, ते शिकले नसते. आमच्या विषयात लॉटन नावाच्या अमेरिकी अभ्यासकाचा एक सिद्धांत आहे, १९६८ सालचा: माणसाच्या अंगातली शक्ती जितकी उणी, तितकी भोवतालच्या वास्तूची सत्ता त्याच्यावर अधिक. तरुण माणूस जिन्याची पर्वा करत नाही. म्हाताऱ्याची दिनचर्या जिना ठरवतो. म्हणून हलायचे असेल तर वास्तूची सत्ता चालू होण्याच्या आधी हलावे.”

“आणि हलून सुखी झालीस?”

ह्या प्रश्नाला माई खरे उत्तर देतील अशी माझी अपेक्षा नव्हती. त्या म्हणाल्या, “सातव्या मजल्यावर माझे दार वाजत नाही, नाना. लिफ्टमध्ये चढलेली माणसे एकमेकांकडे न बघता आरशात बघतात. चाळीत माझे दूध नासले तर चार बिऱ्हाडांना कळत असे. इथे गेल्या वर्षी मी तापाने चार दिवस पडून होते, ते रखवालदारालासुद्धा कळले नाही. तेव्हा माझ्या लिफ्टची मी जाहिरात करत नाही. ती मला खाली नेते. खाली कुणाकडे जायचे, हे ती सांगत नाही.”

वाद जिथे खरा असतो तिथे अशी एक वेळ येते की दोन्ही पक्ष आपापली बाजू सोडून दुसऱ्याच्या बाजूचे दुःख बोलू लागतात, आणि मग ऐकणाऱ्याला कळते की दोघे एकाच गोष्टीचे दोन तुकडे हातात धरून बसले आहेत. एकाजवळ चतुःसीमा होती आणि उतरायची सोय नव्हती. दुसरीजवळ उतरायची सोय होती आणि चतुःसीमा नव्हती.

“लिटवाक आणि लाँजिनो,” माई पुन्हा शास्त्राकडे वळल्या, कदाचित स्वतःला सावरण्यासाठी, “ह्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९८७ साली म्हाताऱ्यांच्या घरबदलाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली निवृत्तीनंतर, हातीपायी धड असताना, हवापाण्यासाठी आणि विरंगुळ्यासाठी. दुसरी, जुनाट दुखण्याने एकट्याने निभेना झाले की मुलाबाळांच्या जवळ. तिसरी, मुलाबाळांच्याही हाताबाहेर गेले की शुश्रूषागृहात.”

“म्हणजे पहिली हौसेची, दुसरी गरजेची आणि तिसरी नाइलाजाची,” नाना म्हणाले. “पहिलीला आपल्याकडे वानप्रस्थ म्हणत. पण तुझ्या अमेरिकनांना चौथी ठाऊक दिसत नाही: महिन्याच्या पाळीने थोरल्याकडून धाकट्याकडे आणि धाकट्याकडून थोरल्याकडे, औषधांच्या पिशवीसकट. मला एकच मुलगा आहे आणि तो बंगळुरात आहे, म्हणून मी त्या पाळीतून सुटलो.”

“नाना, तुम्ही पहिली पायरी केली नाहीत आणि दुसरी टाळलीत. पहिल्या दोहोंत दस्तावर माणसाची स्वतःची सही असते. तिसरीत मुखत्याराची.”

निबंधकाला निबंधकाच्याच भाषेत दिलेले हे उत्तर बरोबर जाऊन बसले. नानांची स्वतःची सही, जी एके काळी अर्धी ओळ व्यापीत असे, ती ह्या आजाराच्या रीतीप्रमाणे आता मुंगीएवढी झाली आहे. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाले, “सही माझी हवी असेल, तर मसुदाही माझा हवा. लिही, माई. मी उंची सोडतो. चतुःसीमा सोडत नाही.” आणि ते माझ्याकडे वळले. “तुमचा तळमजला आणि माझा तिसरा मजला. क्षेत्र एकच, खोल्या त्याच. अदलाबदलीचा दस्त करू. दोन मिळकतींपैकी जिचे मूल्य अधिक, तिच्यावर मुद्रांकशुल्क बसते. ते मी भरतो. तुम्हांला उजेड मिळेल, वारा मिळेल, गच्ची मिळेल. तुमच्या वडिलांना तिसरा मजलाच हवा होता, हे मला ठाऊक आहे.”

इतका वेळ मी जो प्रेक्षकाच्या सुखासीन सहानुभूतीने मान डोलवीत होतो, त्या माझी मान तिथेच थांबली. तोडगा न्याय्य होता, सोपा होता, कायदेशीर होता. आणि माझ्या मनात क्षणार्धात सात सबबी तयार झाल्या. मी “विचार करून सांगतो” असे म्हणून उठू लागलो.

“उठताना तुम्ही खुर्चीचे हात धरता,” माई म्हणाल्या. “केव्हापासून?”

मी काही बोललो नाही.

“नाना, हा मसुदा चालणार नाही,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षांनी ह्यांना वेताच्या खुर्चीत बांधून आणावे लागेल. ही मजल्यांची अदलाबदल नव्हे, दुखण्याची आहे. ह्या इमारतीत वर कुणीतरी राहणारच, आणि जो राहील तो म्हातारा होणारच.”

आता जे सांगायचे ते माझ्याविषयी आहे. अकरा वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे लिफ्टचा विषय आला होता. जिन्याच्या बाहेरच्या अंगास लोखंडी सांगाडा उभारून ती बसवता आली असती. ती मधल्या टप्प्यांवर उघडणार होती आणि अर्धा जिना चढणे उरणारच होते, तरीही ५७ पायऱ्यांऐवजी नऊ. तळमजल्याच्या चारही बिऱ्हाडांनी विरोध केला. “जी वस्तू आम्ही कधी वापरणार नाही तिचा खर्च आम्ही का सोसावा?” हे वाक्य माझे होते. शिवाय पुनर्विकास होणारच आहे, मग आता पैसे कशाला घालवा, असेही सर्वानुमते ठरले. तो पुनर्विकास तेव्हापासून दर वर्षी पुढच्या वर्षी होणार आहे. झालाच, तर नानांना आधी भाड्याच्या घरात जावे लागेल आणि इमारत उभी राहीपर्यंत थांबून मग परत यावे लागेल, म्हणजे एकाऐवजी दोन स्थलांतरे. आणि त्यांतले दुसरे कुणाच्या आयुष्यात बसेल हे विकासकाच्या करारात लिहिलेले नसते. त्या सभेत नाना गप्प होते. त्याच वर्षी त्यांचा हात पहिल्यांदा थरथरला होता, आणि ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

“सभेचे इतिवृत्त मीच लिहिले होते,” नाना म्हणाले, जणू माझ्या मनातले वाचून. “तुमचे वाक्य मी शब्दशः उतरवले आहे. चांगले वाक्य होते.” त्यांच्या स्वरात उपरोध नव्हता, बत्तीस वर्षे लोकांचे बोलणे जसेच्या तसे नोंदवणाऱ्या माणसाचा तो अलिप्तपणा होता, आणि तो मला उपरोधाहून जड गेला. वास्तूची सत्ता माणसावर चालते असे लॉटन म्हणतो ते खरे. पण आमच्या वास्तूत ती विटांची नव्हती. ती सभेत वर झालेल्या हातांची होती, आणि त्यांतला एक हात माझा होता.

मग नानांनी कागद मागवला आणि मला लिहायला सांगितले, कारण त्यांचे अक्षर आता वाचता येत नाही. मा. सचिव यांस. विषय: जिन्याच्या पूर्व अंगास लिफ्ट बसवणे, बांधकामाच्या मजबुतीची तपासणी करून घेणे, महापालिकेची परवानगी आणि २०१७ च्या उद्वाहन कायद्याखालील परवाना मिळवणे, आणि तोवर प्रत्येक टप्प्यावर बाक व दोन्ही बाजूंस कठडा ठेवणे. मधल्या काळासाठी एक कलम माईंनी घातले: तळमजल्यावर कुणाची भाड्याने दिलेली सदनिका रिकामी झाल्यास ती प्रथम तिसऱ्या मजल्यावरील वृद्ध सभासदांस विचारावी. “म्हणजे हलणे झालेच तर ते एकाच जिन्याच्या आत होईल,” त्या म्हणाल्या; आणि नानांनी, पहिल्यांदाच, नकार दिला नाही. पहिली सही मी केली. दुसरी नानांनी केली. तिला दीड मिनिट लागले आणि आम्ही तिघेही खिडकीबाहेर बघत राहिलो.

अर्ज खिशात घालून मी उतरू लागलो. चढताना मला पायऱ्या मोजण्याचे सुचले नव्हते. उतरताना मोजल्या, कठड्याला हात लावून. टप्प्यावरच्या स्टुलावर मांजर अजून बसले होते. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले आणि मिटला. त्याला तिथून उठवावे असे मला वाटले, तेव्हाच मला कळले की मला बसायचे होते.